रविवारचा फळा

१४ नोव्हेंबर

चि. छोटे पेंटर यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, डॉक्टरांनी माझ्या चहातली साखर बंद केली आहे आणि जिन्यातला दिवा अजून कोणी बदललेला नाही. हे मी कागदावर लिहितोय, मग त्याचा फोटो काढून तुला पाठवीन. की-बोर्डवर एकेक अक्षर हुडकत बसलो तर हे पत्र तुझ्या निवृत्तीला पोचेल.

माझं पत्र बघून चमकला असशील. बाबा आणि पत्र! पण तू गेले दोन रविवार आला नाहीस. ‘आला नाहीस’ असंच म्हणतो आम्ही, जणू तू जिना चढूनच येतोस. दोन्ही रविवारी आई ठेवणीतले कपडे घालून कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसली. “कामात असेल हो,” म्हणाली.

तो कॉम्प्युटर घरात आला तो दिवस तुला आठवतो का? माझे रंगाचे डबे ज्या टेबलावर असायचे, तिथे तू तो आणून मांडलास. मी म्हणालो, “ज्यानं माझा धंदा खाल्ला, त्यालाच घरी जेवायला बोलावलंस होय?” तेव्हा दुकानदार पाट्यांवर मशीनने कापलेली अक्षरं चिकटवायला लागले होते आणि माझे ब्रश वाळत पडले होते. आईने मात्र त्याच्यासाठी फुलाफुलांचं आवरण शिवलं. धूळ बसू नये म्हणून, आणि थोडं माझी नजर लागू नये म्हणूनही असेल.

मग तू परदेशी गेलास आणि एका संध्याकाळी त्या डब्यात दिसलास. चेहरा चौकोनाचौकोनात फुटायचा, ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. आई फोटो काढायला उभं राहावं तशी ताठ उभी, कारण हललं तर तू पुसला जाशील अशी तिची समजूत. “तिकडे फार थंडी आहे,” असं तू म्हणालास, तर तिने झटकन जाऊन इकडचा पंखा बंद केला! तू किती हसलास. मी दाराआड उभा होतो. मलाही हसू आलं होतं, पण मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. ज्याच्या हातात मी ब्रश दिला, ज्याला सगळा बाजार छोटे पेंटर म्हणायचा, तो माझ्या वैऱ्याच्या पंगतीला जाऊन बसला, हे मला झोंबलं होतं.

बाबा अजून रुसलेत, पडद्यासमोर येत नाहीत, असं तू धरून चाललास. पहिली काही वर्षं ते खरंही होतं. पुढे ते खरं राहिलं नाही, पण मी तुला तसंच वाटू दिलं.

आता आडवळणं पुरे. आईला ऐकू येत नाही.

एकदम नाही गेलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल, मग मी. (माझं ऐकू येत नाही याचं तिला फार दुःख झालं असं मी म्हणणार नाही.) कानातलं यंत्र आणलं, पण त्यात तिला नुसती खरखर ऐकू येते. तुला कळवू या म्हटलं तर तिने माझा हात धरला. “नका हो सांगू. तो सगळं सोडून पळत येईल. आणि नाही आला, तर बोलणं कमी करेल. बहिऱ्या माणसाशी कोण किती बोलतं?”

मग आम्ही युक्ती काढली. तुला दिसणार नाही अशा बेताने मी पडद्यामागे फळा घेऊन बसायचो. तू बोलायचास, मी खडूने भराभर लिहायचो, ती वाचून तुला उत्तर द्यायची. अख्खा जन्म पाट्या रंगवण्यात गेला. मोठी, ठळक, रस्त्यापलीकडून वाचता येतील अशी अक्षरं काढणं माझ्या हाताला नवं नव्हतं. तुझं ऑफिस, तुझं नवं घर, सूनबाईचे डोहाळे, सगळं माझ्या हातून तिच्याकडे गेलं. तू एकदा चिडून विचारलंस, “आई, तू सारखी वर कुठे बघतेस?” ती म्हणाली, “घड्याळाकडे.” तुला ते लागलं, आवाजावरून मला कळलं. ती माझ्याकडे बघत होती रे.

तुला वाटायचं बाबा घरात असून नसल्यासारखे. मी दर रविवारी तुझा शब्द न् शब्द लिहीत होतो.

तो शेवटचा रविवार. तुझा आवाज बसलेला होता. तू म्हणालास, “आई, आपलं बाळ गेलं.”

माझा खडू थांबला. लोकांनी सांगितलं ते मी आयुष्यभर लिहिलं. ‘शुभारंभ’ लिहिलं, ‘दुकान विकणे आहे’ लिहिलं. हे मात्र लिहवेना. ती माझ्याकडे बघत होती, तू तिच्याकडे बघत होतास. मी लिहिलं, ‘सगळं छान आहे.’

आणि ती हसली. “मग आता नाव शोधायला लागा!” म्हणाली. तुझा चेहरा मी बाजूने वाकून पाहिला. मग पडदा काळा झाला.

तिचा काही दोष नाही. तू जो राग धरला आहेस तो माझ्या नावावर कर.

काल मी तिला खरं लिहून दाखवलं. तिने वाचलं, फळा माझ्या हातातून काढून घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाली, “माझ्या नातवंडाचं दुःख तुम्ही मला न विचारता पुसून टाकलंत.” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. या घरात आता अबोल्याची पाळी तिची आहे, आणि ती माझ्यापेक्षा चांगला धरते.

समोरच्या शिक्षिकाबाईंनी आज आमच्या कॉम्प्युटरवर काहीतरी चालू करून दिलं. आपण बोललो की आपलं बोलणं पडद्यावर खाली आपोआप लिहून येतं. मी खोकलो तर तेवढं नाही लिहिलं, बाकी सगळं लिहिलं, तेही मराठीत. म्हणजे या डब्याने माझं उरलंसुरलं कामही खाल्लं! खाऊ दे. अक्षर काही माझ्यासारखं नाही त्याचं, पण तो भीत नाही. तू म्हणशील ते जसंच्या तसं तिच्यासमोर ठेवेल.

या रविवारी ये. मला आता पडद्यामागे काही काम नाही, म्हणून मी आईच्या शेजारी बसणार आहे. मला तुला समोरून बघायचं आहे. मी थकलोय, डोक्यावर फार केस उरलेले नाहीत, घाबरू नकोस.

सूनबाई कशी आहे रे? जेवते का? तिला एकटं सोडू नकोस. तिला म्हणावं, तुझा सासरा मूर्ख आहे, पण तुझ्यासाठी रोज त्याचे डोळे भरून येतात.

तुमच्या दोघांच्या दुःखात उशिरा पोचलेला,
बाबा

ता. क. खालची जागा आईने मागून घेतली आहे.

बाळा, तू सांगत होतास आणि मी हसले. मला कळलंच नाही रे. तुला जड जाईल, तरी रविवारी मला पुन्हा सांग. तुझ्याबरोबर रडायचं माझं राहून गेलंय.
आई