करडईचं तेल आणि रविवारचा पास

मांजरी, गुरुवार

तीर्थरूप आक्काच्या पायांवर बालक जयसिंगचा डोकं टेकून नमस्कार. (एकाहत्तराव्या वर्षी स्वतःला बालक लिहिताना पेन अडखळतं, पण तुझ्यापुढं दुसरं काही लिहायची छाती नाही.) आम्ही सगळे जेमतेम बरे आहोत. माझं ब्लडप्रेशर ठीक आहे असं डॉक्टर म्हणतात, पण म्हणताना ते माझ्याकडं न बघता कॉम्प्युटरकडं बघतात, त्यामुळं झोप लागत नाही. तुझा गुडघा अजून दुखतो ना? जपून राहा. उगाच प्रवास करू नकोस. हल्ली सोलापूर रोडवर खड्डे फार आहेत.

हे सगळं फोनवर बोललो असतो. पण तुझ्याकडं फोन स्पीकरवर लावतात आणि निम्मं लोणी काळभोर ऐकतं. म्हणून साईनाथच्या भाजीच्या टेम्पोतून पत्र पाठवतोय. वाचून झालं की जाळून टाक. (नको, फाडून टाक. गॅसजवळ कागद नेऊ नकोस.)

विषय आपल्या अपेक्षाचा आहे. माझ्या विक्रमची ही पोरगी वर्षभर चिअरलीडिंग नावाचा खेळ खेळते, हे तुला माहीत आहे. तो कसला खेळ ते मात्र तुला माहीत नसणार, कारण मलाही कळायला सहा महिने गेले. नाच, कोलांट्या आणि दहीहंडी एकत्र कालवली आणि त्यातली हंडी काढून घेतली की तो खेळ होतो. फोडायला वर काहीच नसतं. पोरी एकमेकींच्या खांद्यावर चढतात, वर पोचल्यावर हात पसरून हसतात आणि खाली येतात. मी शर्मिला मॅडमना (या शिकवतात) विचारलं, की वर काही ठेवलेलं नसतं तर चढायचं कशाला? त्या म्हणाल्या, काका, तुम्ही जरा मागं बसा. क्लास आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये असतो, म्हणजे आपल्या विकलेल्या रानात जिथं पाण्याची मोटर होती त्याच्या जरा अलीकडं. स्वतःच्या उसात मला मागं बसायला सांगतात.

हसणं सक्तीचं आहे, आक्का. परीक्षक हसण्याचेही मार्क देतात. आता आपल्या घराण्यात कोण हसतं ते तू सांग. आपले आबा लग्नाच्या फोटोत पंचनाम्याला उभे राहिल्यासारखे दिसतात आणि अपेक्षा तंतोतंत त्यांच्यावर गेली आहे. ती पोर रोज सकाळी आरशासमोर उभी राहून हसण्याची प्रॅक्टिस करते, तेही भरलेलं पिंप उचलून, कारण जोर लावताना तोंड वाकडं होता कामा नये. पहिल्या दिवशी मला वाटलं तिला झटका आला. मी पाणी मारलं. शाळेचा गणवेश भिजला आणि बोलणी मलाच बसली.

बाकीचे हाल तर विचारू नकोस. पाय दोन दिशांना पसरून जमिनीला टेकवायचे. मनगटाला पट्ट्या बांधायच्या. वडापाव बंद, उकडलेली अंडी चालू. खांद्यांवर बुटांचे निळे-काळे वळ. ते बघून मी मॅडमना विचारलं, वळ आमच्याच पोरीला का? तेव्हा कळलं, की आपली अपेक्षा खाली असते. कायम खाली. तिच्या खांद्यावर सलोनी नावाची काडीपैलवान उभी राहते आणि सगळ्या टाळ्या ती घेते. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, आमची पोरगी काय स्टूल आहे? मॅडम काही बोलायच्या आत अपेक्षाच म्हणाली, आजोबा, वर कुणीपण राहील, खाली न हलता उभं राहायला मीच लागते. आणि तिनं सलोनीला उचलून दाखवलं. आक्का, आपण मिठाची पिशवी फळीवर ठेवतो तितक्या सहज. आणि त्या वेळी ती हसत होती, प्रॅक्टिसचं नाही, खरं. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. (क्लबहाऊसची धूळ. झाडलोट नीट करत नाहीत, मी सोसायटीला तक्रार दिली आहे.)

आता मुख्य घोटाळ्याकडं येतो. गेल्या रविवारी पालकांसमोर रंगीत तालीम होती. सकाळी कुणीतरी सुचवलं, की पोरीचे खांदे आणि दंड दुखतात तर करडईच्या तेलानं चांगलं मर्दन करून पाठवावं. जुन्या वळणाचा सल्ला, हेतू चांगला. आपल्याकडं तालमीत पैलवानाला तेल चोळल्याशिवाय कुणी सोडायचं का? तुझ्या भावजयीनं, नंदानं, पोरीला बसवून मनगटापासून मानेपर्यंत अर्धी बाटली जिरवली. अपेक्षा नको नको म्हणत होती, पण मोठ्यांचा शब्द म्हणून गप्प बसली. तेल काही सगळं जिरलं नाही.

सलोनी पहिल्यांदा चढली ती चढलीच नाही. दुसऱ्यांदा चढली, हात पसरले, हसली, आणि तशीच हसत हसत देवळातल्या तुपाच्या दिव्यातून वात सरकावी तशी अपेक्षाच्या पाठीवरून खाली गेली. खाली जाड गादी होती म्हणून बरं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तिच्या आईनं मात्र किंकाळी फोडली, शेजारच्या पोरी सलोनीला धरायला धावल्या आणि त्याही तेलाला लागून घसरल्या. सगळ्या पोरी गादीवर, आणि मधोमध आपली अपेक्षा एकटी उभी, जराही न हललेली, शिकवल्याप्रमाणं हसत. डोळ्यांतून पाणी चाललेलं. ते हसणं मला अजून दिसतं.

तालमीत तेलानंतर अंगाला माती लावतात, पकड बसावी म्हणून. ही गोष्ट सल्ला देणाऱ्याला वेळेवर आठवायला हवी होती. कुणालाही ती पोरी पडल्यावरच आठवावी, याला काय म्हणायचं.

शर्मिला मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी गादी पुसायला फडकं मागवलं आणि थंडपणे सांगितलं, की राज्य स्पर्धेत अपेक्षा खेळेल, पण ज्या कोणी वडीलधाऱ्या व्यक्तीनं तेल लावायला सांगितलं, त्या व्यक्तीनं येत्या रविवारी हॉलच्या आसपास दिसू नये. अपेक्षा तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलत नाही. डाव्या हातानं जेवावं तशी जेवते.

मला या खेळाचं काही कौतुक नाही, हे तुला ठाऊकच आहे. गाणी कानठळ्या बसवतात, कपडे चमकतात, आणि पोरी दर दोन मिनिटांनी कुणीतरी जिंकल्यासारख्या ओरडतात. पण राज्याची स्पर्धा आहे, आक्का. पोर सगळ्यांत खाली उभी राहणार आणि बघणारे सगळे वर बघणार. एकानं तरी खाली बघायला नको का? एवढंच आपलं माझं म्हणणं.

दाजींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद. चष्मा लावूनच पायऱ्या उतर.

तुझा धाकटा,
जयसिंग

ता. क. तेल लावायला तू सांगितलंस असं मी घरात बोललो आहे. रागावू नकोस. नंदा माझं काही ऐकत नाही, पण थोरल्या नणंदेचा शब्द पडू देत नाही. म्हणून त्या सकाळी मी म्हटलं, आक्काचा फोन होता, पोरीला तेल लावूनच पाठवा म्हणाली. नंदानं मुकाट्यानं बाटली काढली. आता मॅडम खात्री करायला तुला फोन करतील. तू नुसतं हो म्हण. तुला बंदी झाली तरी तुझं काय जातं? तू थोडीच येणार होतीस?

ता. क. दुसरा. साईनाथ खाली हॉर्न वाजवतोय, म्हणून घाईत लिहितो. आत्ता अपेक्षा क्लासवरून आली आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. तिनं मॅडमकडं तुझ्यासाठी रदबदली केली. म्हणाली, आक्काआजीनं मायेनं सांगितलं होतं, तिला शिक्षा नको. मॅडम विरघळल्या. तुझी बंदी उठली आहे आणि तुझ्यासाठी पहिल्या रांगेत हात टेकवायची खुर्ची ठेवली आहे. विक्रम शनिवारी गाडी घेऊन तुला न्यायला येतोय.

पास एका पोरीला दोनच मिळतात. एक सूनबाईचा. दुसरा आत्तापर्यंत माझा होता, तो आता तुझा. अपेक्षा मला म्हणाली, आजोबा, तुम्हाला हा खेळ आवडत नाही ना, मग तुमची सुटका झाली.

तर आक्का, पहिला ता. क. विसर. गुडघ्याचं काही जमतं का बघ. खरंच दुखत असेल तर उत्तमच. दुखत नसेल तर शनिवारपर्यंत जरा जिने चढ.