कंपनीची चेन

६ ऑगस्ट १९८५, अणदूर

दूध सोसायटीचे सुपरवायझर जाधव (आजपासून जा., तेवढीच शाई वाचेल) नळदुर्गच्या उतारावर पडले. फटफटीची मागची चेन तुटून चाकात अडकली, चाक जाम. गुडघा सोलला, नमुन्याच्या बाटल्या फुटल्या. गाडी ट्रकात घालून माझ्या दुकानात आणली. चेन हातात घेतली आणि कळलंच, डुप्लिकेट. उमरग्याच्या मिस्त्रीनं दोन महिन्यांखाली बसवलेली. कानस लावून पाहिली, पोलाद मऊ.

जा. म्हणाले, "मिस्त्री, आता तुमच्या मनानं टाका." मी म्हटलं, टाकीन तर कंपनीची, नाहीतर गाडी उचला.

असं बोलायला बरं वाटलं. स्वतःशी खोटं कशाला लिहू.

९ ऑगस्ट

चेअरमनसाहेबांनी बोलावलं. कंपनीची चेन महाग, ती खरंच जास्त टिकते का ते बघायचं म्हणाले. सोसायटीच्या दोन फटफट्या, अगदी सारख्या. जा. यांच्या गाडीला माझी कंपनीची चेन, दुसरे सुपरवायझर शेखसाहेब, त्यांच्या गाडीला उमरग्याची डुप्लिकेट. दोन्ही नव्या, सगळ्यांसमोर पुडकी फोडून. दिवाळी झाली की मोजायचं. जी कमी ताणलेली, त्या मिस्त्रीकडं दोन्ही गाड्यांचं वर्षाचं काम.

साहेब म्हणाले, "हरलास तर पुन्हा कंपनी कंपनी करायचं न्हाय." मी हो म्हटलं. तोऱ्यातच म्हटलं.

घरी आबांना सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी सोसायटीसमोरच्याच रस्त्याची खडी फोडलेली. पहिला प्रश्न, "उभंच ठिवलं का बसवलं?" खुर्ची दिली होती, म्हटलं. मग चहा दोनदा घेतला.

२ सप्टेंबर

पाऊस नाही. रस्त्यावर घोटाभर फुफाटा. दोन्ही गाड्या चारा डेपोच्या खेपांना जुंपलेल्या. आज मोजल्या. दोन्ही ठीक, फरक नाही. उमरगेकर हसला. म्हटलं हस बाबा, अजून दोन महिने आहेत.

ग्रीस माझ्याच हातानं पातळ करून घातलं, दोन्ही गाड्यांना सारखं. उमरगेकराच्या चेनला पण. कुणी म्हणायला नको.

२४ ऑक्टोबर

दसरा झाला. आमच्याकडं सकाळी वंदना, पांढरे कपडे, मग खीर. दुपारी जा. झेंडूचा हार घातलेल्या फटफटीवरून गेले. गाडी नुसती लखलखत होती. हात केला. त्यांनी हॉर्न दिला.

२० नोव्हेंबर

हरलो.

वीस-वीस कड्या पट्टीवर ताणून धरल्या. उमरग्याची जेमतेम वाढलेली. माझी पुरती ज्वारीच्या दाण्याएवढी. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजायला घेतली तर साहेबच म्हणाले, "बास आता." उमरगेकर हसला नाही, ते जास्त लागलं. चेन घरी नेऊन रॉकेलात बुडवून पाहायला मागितली. दिली.

कंपनी खोटी, का मी खोटा? जेवण गेलं नाही. कमल म्हणाली, "अवो, एका चेनपायी तोंड किती पाडायचं?" हिला काय सांगू. दुकानाच्या पाटीवर 'आय.टी.आय. पास' मी स्वतः रंगवलंय.

२१ नोव्हेंबर

रॉकेलात बुडवण्याआधी कड्या उजेडात नीट पाहिल्या. पिनांच्या कडेला पिवळा, चिवट गोंद. त्यात फुफाटा रुतून बसलेला. माझं ग्रीस काळं असतं. खरवडून वास घेतला. करडईचं तेल.

तसाच जा. यांच्या घरी. त्यांच्या आई ओसरीवर डाळ निवडत बसलेल्या. विचारलं तर कौतुकानं सांगू लागल्या, "खंडेनवमीला चेन काढून रॉकेलात धुतली, राखंनं घासली. काळं पार काढलं बगा. मंग घाण्याचं तेल पाजलं, वाटीभर. माजं लेकरू पडलं होतं न्हवं त्या गाडीवरनं? म्हनलं, पूजा नीट व्हावी."

म्हणजे ग्रीस गेलं आणि वाळून गोंद होणारं तेल आलं. वर दुष्काळाचा फुफाटा. अशानं कुठलीही चेन झिजेल. शेखसाहेबांकडं खंडेनवमी नाही, त्यांची वाचली.

आनंदानं उडायला हवं होतं. घरी येताना उलटंच वाटलं. छप्पन साली आबांनी दीक्षा घेऊन हळदकुंकू सोडलं तेव्हा मी पाळण्यात. हत्यारांची पूजा मी आमच्या घरात कधी पाहिलीच नाही. म्हणून जा. यांना "दसऱ्याला चेनला हात लावू नका" एवढं सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मिस्त्रीनं गिऱ्हाइकाचं घर ओळखावं. चूक माझी.

२४ नोव्हेंबर

सोसायटीत सांगितलं. म्हातारीचं नाव घेतलं नाही. म्हटलं, चेन सणाला धुतली गेली, करडईचं तेल पडलं, मी आधी सांगायला हवं होतं, चूक माझी.

तेवढ्यात जा. उठले. "मिस्त्रींची कशाची चूक? तेल आमच्या आईनं लावलं. चेन म्या काढून दिली." सगळ्या पंचांसमोर. हा माणूस नोकरीत आहे, घाबरायला हवा होता. मला अभिमान वाटला त्यांचा, आणि माझाही, की असा माणूस माझं गिऱ्हाईक आहे.

साहेब शांतपणे म्हणाले, "बरं. पर दसरा दरसाल येणार, अन् बाया तेल लावणारच. मंग तुजी चेन काय कामाची?"

प्रश्न खोटा नाही.

२६ नोव्हेंबर

शिपाई टाइप केलेला कागद देऊन गेला. दोन्ही गाड्यांचं वर्षाचं काम मलाच! खाली एक ओळ: 'स्थानिक बनावटीची चेन वापरण्यास योग्य आहे असे माझे मत आहे.' म्हणजे उमरग्याची डुप्लिकेटच. त्याखाली सहीची जागा. शिपाई म्हणाला, "साहेबांस्नी तुमचा हात पटलाय. चेन तेवढी सवंग पायजे."

नळदुर्गचा उतार डोळ्यांपुढून जात नाही. तुटलेली कडी फळीवरच आहे.

कमल म्हणाली, "सही केली तर काम हाय. न केली तर?" मी म्हटलं, न केली तर न्हाय. ती म्हणाली, "मंग इचारताय कशाला, ठरलंय तुमचं." मी विचारलंच नव्हतं.

२७ नोव्हेंबर

सकाळी 'स्थानिक बनावटीची' वर रेघ मारली, वर लिहिलं 'कंपनीची'. खाली एक ओळ जास्त: 'चेन कशी राखायची ते प्रत्येक सणाआधी मी घरी जाऊन दाखवीन, त्याची मजुरी नाही.' सुचायला तीन दिवस लागले, पण साहेबांच्या प्रश्नाला माझ्याकडं हेच उत्तर आहे. मग सही. पूर्ण नाव, आबांच्या नावासकट. खाली आय.टी.आय.

नेऊन देण्याआधी आबा म्हणाले, वाच. वाचला. त्यांचं नाव आलं तिथं म्हणाले, "ह्ये तेंच्या दप्तरात ऱ्हाणार?"

"हो, आबा. काम दिलं न दिलं तरी."

"मंग पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचला. अकराला देऊन आलो. साहेब कागद वाचत होते, मान वर केली नाही. समोरच्या खुर्चीत बस म्हणाले. बसलो.