हिप्परग्याच्या वेशीतून

प्रिय अक्का,

सलाम.

उद्या सकाळी आमची टोळी जोधपूर सोडून पुढं निघते. केबलचे खड्डे जिकडं, तिकडं आमचा तंबू. पुन्हा बसायला कधी मिळेल सांगता येत न्हाई, म्हणून आजच लिहायला घेतलं. तूच म्हणायचीस ना, "शमू, फोनवर तू थापा मारतोस, लिहून कळव!" सातवीत शाळा सोडली तरी माझं अक्षर मोडू नये म्हणून ही तुझी युक्ती होती. मला काय कळत नव्हतं का?

आता कळवायला खरंच काहीतरी आहे. अक्का, मी बोरीच्या माळावर जाऊन आलो. तुझं नाव घ्यायला.

माझ्या शेजारी झोपणारा बिहारी सोबती विचारत होता, एवढी मजुरी बुडवून कुठं पळाला होतास? त्याला समजावून सांगता सांगता मलाच पहिल्यांदा नीट समजलं. म्हणलं, आपली चर्चची मंडळी उदगीरहून चालत उत्तम शुक्रवारी, म्हंजे गुड फ्रायडेला, बोरीला पोचते. माळावर लाकडी क्रूस आहे. तिथं येशूच्या क्रूसावरच्या सात शब्दांची उपासना होते, आणि शेवटच्या शब्दानंतर वर्षभरात गेलेल्यांची नावं घेतात. घरच्या माणसानं नाव घेऊन विचारायचं, "आला का?" आणि सगळ्या माळानं उत्तर द्यायचं, "आला!" हे एकदाच. पहिल्याच वर्षी. त्या वर्षी कुणी विचारलं न्हाई तर ते माणूस वाटेवरच राहिलं.

आणि वाटेतल्या प्रत्येक गावात वेशीतून, पायानं शिरायचं. आपल्या आज्याला त्या वेशीतून जाऊ देत नव्हते. गावाच्या मागनं, नाल्याच्या कडेनं जायचा तो. म्हणून नंतर मंडळीनं ठरवलं, जायचं ते समोरून, टाळ वाजवत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

तू एसटीनं जायचीस हे ऐकून सोबती म्हणाला, मग तुझी बहीण बसनं कशी जायची? आता याला काय सांगू? भूकंपात घर पडलं, आई-बाबा त्याच दगडमातीखाली गेले, मी झोळीत होतो म्हणून खरचटलंसुद्धा न्हाई, आणि तुझा पाय मात्र कायमचा गेला. पुढच्या उत्तम शुक्रवारी तू काठी टेकत पाळकासमोर उभी राहिलीस. किल्लारीकडच्या कितीतरी घरांत नाव विचारायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि तू, शाळकरी पोरगी, म्हणालीस, "माझ्या दोघांना कोण आणणार?" तेव्हा म्हातारे पाळक बोलले होते, "पोरी, मधला रस्ता एसटीनं कर. वेस मात्र पायानं ओलांड." तेव्हापासून तुझी ही यात्रा. वेशीबाहेर उतरायचं, लंगडत गाव ओलांडायचं, पलीकडं पुन्हा एसटीला हात करायचा. धडधाकट लोक तुला "एसटीची यात्रेकरीण" म्हणून चिडवायचे. तू म्हणायचीस, "तुम्ही एकदाच चालता, मी चढते-उतरते किती वेळा ते बघा!"

पण अक्का, तू मला सांगितलं कामून न्हाई? फोन केला की "बरी हाय, पोळ्या लाटायलेय." लातूरला क्लासच्या पोरांचे डबे, सकाळ-संध्याकाळ. पोटात एवढं दुखत होतं आणि तू पोळ्याच लाटत राहिलीस? गल्लीतल्या बाईनं कळवलं तेव्हा मी वाळवंटात खड्ड्यात उभा होतो. पोचलो तर माती देऊन झालेली. तुझा राग येतो मला. खरंच येतो. म्हणूनच ठरवलं होतं, नाव तरी हुकू द्यायचं न्हाई.

आणि तेच हुकायला आलं होतं! माझी रेल्वे रखडली. उदगीरला उतरलो तर मंडळी आदल्या दिवशीच निघून गेलेली. ऊन वर आलेलं. स्टँडवरनं पहिली एसटी धरली, चिंचोलीच्या वेशीबाहेर उतरलो, गावातनं जवळजवळ पळतच गेलो. पलीकडं बोरीची बस मिळाली. मिळाली म्हणजे काय, दारात लोंबकळलो. लातूरच्या क्लासला सुट्टी लागलेली, सगळी पोरं गादीच्या वळकट्या आणि पुस्तकांच्या बॅगा घेऊन घरी चाललेली. लोक मला आत आत ढकलत गेले ते पार मागच्या सीटपर्यंत.

हिप्परग्याची वेस दिसली तसा मी ओरडलो, "मास्तर, उतरायचंय!"

कंडक्टर पुढनं म्हणाला, "थांबा न्हाई इथं. स्टँडला उतर."

"मला वेशीबाहेरच उतरायचंय!"

"का बे, गावात काय वाघ हाय?"

सगळी बस हसली. चष्मेवालं एक पोरगं म्हणालं, "भाऊ, पेपर हुकला का?" मी बॅगांवरनं पाय टाकत घंटीच्या दोरीपर्यंत हात नेईतो बस वेशीच्या बाजूनं वळली आणि गावात शिरली. मी गाडीत, आणि गाडी गावात!

स्टँडवर बस थांबली. ती पुढं थेट बोरीलाच जाणार होती. नुसतं उभं राहिलो असतो तर आरामात पोचलो असतो. माझ्या शेजारी टोपलीवर एक जाड बाई बसली होती. मघापासून माझा तमाशा बघायली होती. तिनं काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "अरे, बसून शिरायचं न्हाई म्हणतेत ना? तू तर उभा होतास की! उभ्यानं आलास म्हंजे पायानंच आलास."

हसू नको अक्का. मला ते क्षणभर पटलं. लई पटलं. माळावर उपासना चालू झालेली असणार. ही बस गेली तर दुसरी कधी, कुणाला ठाऊक. कंडक्टरनं घंटी दिली. मी काय करायला हवं होतं? बसबरोबर जाऊन तुला अर्धवट नेऊ, की नीट न्यायच्या नादात नेणंच हुकवू? तू असतीस तर सांगितलं असतंस.

मी चालत्या गाडीतनं उडी मारली.

वेशीपर्यंत मागं पळालो, बाहेर गेलो, वळलो आणि आत आलो. संग मंडळी न्हाई, टाळ न्हाई, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. पारावरचे लोक बोलायचे थांबले. एक पागोटेवाला म्हातारा म्हणाला, "कुणाचा रे तू? आताच भाईर पळालास, आताच आत?"

पाय तिथंच अडकले. आज्याला असंच थांबवत असतील का? मी म्हणालो, "मार्थाचा भाऊ."

"लंगडी मार्था? लातूरची? औंदा आली न्हाई का ती?"

"तिलाच न्यायलोय, आज्या."

म्हाताऱ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. बाकीच्यांनी वाट दिली.

गावाच्या पलीकडं एसटी न्हाई. काळीपिवळी जीप उभी होती, आत दोनच माणसं. ड्रायव्हर खाजाभाई चाकाला टेकून तंबाखू मळत होता. हातापाया पडलो तरी एकच, "भरल्याबिगर निघत न्हाई, भाई. डिझेल क्या पानी से चलता?" मग मी काय केलं असेल? तुला आवडणार न्हाई. शाळा सोडून मी जीपवर ओरडायचं काम धरलं होतं, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. तसाच रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि गळा फाडला, "बोरी बोरी बोरी! चला, लगेच निघायली!" बाजारातनं माणसं यायला लागली. एका आजीला तर पिशवीसकट उचलून आत बसवलं. ती म्हणाली, "मला बिलोलीला जायचंय रे मुडद्या!" म्हणलं, बोरीवरनंच जायचं, बसा.

खाजाभाई हसत चढला. "नोकरीला येतो का माझ्याकडं?" वाटेत मी तुझं सांगितलं, तर त्यानं गिअर टाकता टाकता माझ्याकडं पाहिलं. "वो अक्का? वेस आली की छतावर थाप मारायची. मी विसरलो तर शिव्या द्यायची." बोरीच्या वेशीबाहेर त्यानं न सांगता जीप थांबवली.

माळावरच्या भोंग्याचा आवाज खालपर्यंत यायला होता. पाचवा, तहानेचा शब्द चालू होता. म्हणजे थोडंच राहिलं होतं. बोरीतनं गेलो, चढ धरला. अर्ध्यात असताना गीत झालं आणि त्याच्या पुढचा शब्द सुरू झाला. छाती फुटायला आली होती. क्रूसापाशी पोचलो तेव्हा शेवटचा शब्दही संपला होता आणि नावं चालू होती. मंडळीतले वडीलधारे दाऊदमामा विचारत होते, "अजून कुणी?"

मी हात वर केला.

"कुणाला आणलंस?"

"मार्थाला. माझी थोरली बहीण."

"सगळ्या वेशी पायानं?"

मी बोलायच्या आत बायकांतनं आवाज आला, "हा तर हिप्परग्यात गाडीतनं शिरला! मी संगं होते."

टोपलीवाली बाई! तीही माळावरच निघाली होती, कुणाचं नाव न आणता, नुसती उपासनेला. मला काय माहीत? सगळा माळ माझ्याकडं बघायला लागला. दाऊदमामांच्या कपाळाला आठी पडली. मी म्हणालो, "शिरलो. मग उतरून मागं गेलो आणि वेशीतनं आलो."

"कोण बघितलं?"

"मीच बघितलं की!" बाई उभी राहिली. "गाडी हिकडंच यायली होती आणि हे येडं उडी मारून उलटं पळालं. मी म्हणलं, गेलं कामातनं."

माळावर हसू फुटलं. उत्तम शुक्रवारी, क्रूसासमोर! दाऊदमामाही ओठ दाबून म्हणाले, "मग विचार लेका."

मी विचारलं, "मार्था आली का?"

आणि सगळे म्हणाले, "आली!"

अक्का, मी मागं वळून पाहिलं. चढावर, खालपर्यंत. तू चढताना जिथं काठी बदलून दम खायचीस, तिथं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिलो. मग त्या बाईनं मला पाणी आणून दिलं.

दरवर्षी येईन म्हणालो तर तू म्हणशील, झाल्या थापा सुरू. माझा पाय कुठं ठरतो? पण उतरताना दोन म्हाताऱ्या कण्हत बोलत होत्या, हिप्परग्याच्या वेशीला बस थांबत न्हाई, आता पुढच्या वर्षी जमणार न्हाई म्हणून. मी त्यांना सांगून आलोय, तुलाही सांगतो. टोळी कुठंही असो, पुढच्या उत्तम शुक्रवारी मी हिप्परग्याच्या वेशीबाहेर, रस्त्याच्या मधोमध उभा असेन. येईल ती एसटी थांबवीन. कंडक्टरला काय ओरडायचं ते ओरडू दे. ज्याला पायानं गावात शिरायचंय त्याला हात धरून खाली उतरवीन.

पोचलीस ना? आता पाय पसरून बस.

तुझा,
शमू