मित्रकिड्यांनी मांडलेलं वैर

दौलताबाद, सोमवार

जावईबापू राजकुमार यांना बन्सीचा सप्रेम जय भीम.

इकडं आम्ही उभयता बरे आहोत. तिकडं हर्सूलला तुम्ही, आमची लेक करुणा आणि विहीणबाई खुशाल असालच. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत ते कळवा. (फोनच केला असता, पण करुणा स्पीकर लावते आणि सासरा जावयाला काय बोलला ते गल्लीभर ऐकू जातं. जावयाला बोलणं शोभत नाही हे मला कळतं, म्हणून लिहून बोलतो आहे.)

तर तुमच्या मित्रकिड्यांबद्दल. सीताफळांवर पांढरा पिठ्या ढेकूण पडला तेव्हा शेजारच्या बागेतला फकिरा फवारणीचा पंप घेऊन बांधावर तयार उभा होता. मीच त्याला परत पाठवलं. आमचे जावई मित्रकिड्यांच्या प्रयोगशाळेत आहेत, आमच्या बागेत विष पडणार नाही, असं चार माणसांत सांगितलं. दरवर्षी पहिली पाटी तुमच्या घरी येते आणि विहीणबाई ती ‘बिनऔषधाची’ म्हणून साऱ्या गल्लीत मिरवतात. प्रश्न त्या पाटीचा होता. तुम्ही डबीतून पिठ्या खाणारे भुंगेरे पाठवलेत, ते मी पाहुण्यांसारखे एकेका झाडावर नेऊन बसवले. काही दिवस दिसले, मग बेपत्ता. आणि त्यांच्या जागी काय, तर पिठ्याच तिप्पट मोठा झालेला, अंगभर पांढऱ्या झिपऱ्या, फांद्यांवरून बिनदिक्कत फिरतोय. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, “यानं तर भुंगेऱ्यालाच खाल्लंय, तवाच इतका माजला.”

मला राहवलं नाही. औरंगपुऱ्यात जाऊन दुसरा मित्रकिडा आणला, क्रायसोपा. (तुम्हाला न विचारता आणला, हे खरं. जावयाला किती वेळा त्रास द्यायचा?) त्याच्या अळ्यांनी ते झिपरे चार दिवसांत शोषून फस्त केले. मी खूश झालो. पण बारका पिठ्या आहे तिथंच, उलट वाढला. आणि या अळ्या, समोर एवढं ताट वाढलेलं असताना, एकमेकींना धरून खात बसल्या. पंगतीत बसून शेजारच्यालाच खाणारा पाहुणा मी आजवर पाहिला नव्हता. यांना मित्र म्हणायचं तर वैरी कुणाला म्हणायचं, हे तुमच्या प्रयोगशाळेत विचारून सांगा. फकिरा बांधावरून रोज विचारतो, “बन्सीभाऊ, आज कोण कोणाला खायलंय?” फळांच्या डोळ्याडोळ्यांत पिठ्या भरलाय, पाटीत ठेवण्याजोगं एक फळ राहिलेलं नाही. मला याचा फार राग आला आहे.

विहीणबाईंना जय भीम सांगा.

आपला,
बन्सी

ता. क. तुमची डबी सासूबाईंनी मोहरीला घेतली होती. आज झाकणाला आतून चिकटलेली तुमची चिठ्ठी सापडली. भुंगेऱ्याची पिल्लं पांढरी, झिपरी, पिठ्यासारखीच दिसतात, त्यांना इजा करू नये, असं तुम्ही लिहिलं आहे. वरचा राग तूर्त बाजूला ठेवावा.

आणखी एक. रविवारी पाटी येईल. फळं फकिराच्या बागेतली आहेत, तीन वेळा फवारलेली. नीट धुवून घ्या, विहीणबाईंना कळू देऊ नका आणि यंदा गल्लीत वाटू देऊ नका. फवारून फवारून फकिराच्या हातांची सालं निघालीत, म्हणून पाटीच्या बदल्यात त्यानं भुंगेरे मागितले आहेत. दोन डब्या पाठवा, एक मला, एक त्याला. त्याच्या डबीत चिठ्ठी घालू नका.