खाणीच्या फाट्यावरची दुपार

प्रिय मुंगे,

अक्षर बघून दचकू नकोस, मीच आहे. पुठ्ठ्याला ओळीएवढी खाच पाडून घेतली आहे आणि त्या खाचेतून पेन चालवते आहे, तरी ओळी खालीवर होतातच. तू म्हणशील, लांबटांगीची ओळसुद्धा सरळ चालत नाही. पत्र लांबणार आहे. एका बैठकीत झालं नाही तर दोन बैठकींत वाच, पण शेवटपर्यंत वाच, आणि तुझं तूच वाच. सुनेकडून वाचून घेऊ नकोस.

परवा तिचाच फोन आला होता. बिचारी काकुळतीला आली होती. म्हणाली, मावशी, आईंना चार दिवस कुठेतरी बाहेर काढायचं आहे, आम्ही सांगून थकलो, तुमचं ऐकतील. लहानसं गाव असावं, जवळ नदी असावी, थोडं हिंडणं व्हावं. तुम्ही दोघींनी जन्मभर लोकांना सांगितलंत उन्हाळ्यात कुठे जावं, आता त्यांनाच सांगा. मग हळूच म्हणाली की तू फाटकाबाहेर एकटी पाऊल टाकत नाहीस. कोपऱ्यावर पाव आणायला गेलीस तरी नात बरोबर लागते. घराची किल्ली तूच नको म्हणालीस, हरवेन म्हणून. कपाटांवर कागद चिकटवले आहेस, कुठल्या खणात काय ते. मुंगे, अठरा वर्षं जिने माझ्यामागून अख्खा मुलूख पायाखाली घातला तिला कोपऱ्यापर्यंत सोबत लागते, हे ऐकल्यावर मी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं.

तर आधी सुनेनं मागितलं ते देते. गाव असं निवड की जिथे गाडी दिवसातून दोनदाच थांबते. तिसऱ्यांदा थांबायला लागली की तिथे थंड सरबताची दुकानं येतात आणि माणसं आपल्याकडे बघायची बंद होतात. बाकी फार चिकित्सा करू नकोस, कुठेही जा, पळसाला पानं तीनच: चौकात एक बंद पडलेलं घड्याळ, एक पाव भाजणारा, आणि बाकावर एक म्हातारा, ज्याला गावातल्या प्रत्येकाचं सगळं माहीत असतं. त्याच्याशी मात्र सकाळीच बोलून घे, दुपारी तो झोपतो. खोली पश्चिमेची घेऊ नकोस. आठवतं ना, त्या शिंपिणीच्या घरी आपल्याला पश्चिमेची खोली मिळाली होती आणि भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापली होती. दोन बादल्या आणून त्यात पाय सोडून बसलो होतो. तू त्या अवस्थेत मुद्रितं तपासत होतीस आणि दर दहा मिनिटांनी माझ्या बादलीतलं पाणी तुझ्या बादलीपेक्षा थंड आहे म्हणून भांडत होतीस. इतकी हसलो की शिंपीण बघायला आली.

सकाळी सहाला बाहेर पड आणि अकराला आत ये. त्यानंतर ऊन उतरेपर्यंत गाव झोपतं, तेव्हा आपणही कुठेतरी सावलीत पडावं. वाचनालय असलं तर उत्तम, तिथे पंखा असतो आणि कुणी उठवत नाही. तहान लागेपर्यंत थांबू नकोस, आधीच घोट घोट पीत जा, आणि एका बाटलीत मीठसाखर घातलेलं ठेव. रुमाल ओला करून मानेवर टाक. मोज्यांचे दोन जोड घाल, एकावर एक. तुझी टाच नाजूक आहे हे मी तुला सांगायला नको. वाट विचारायची झाली तर दोघांना विचार, आणि दोघांना वेगवेगळं गाठून. दुकानदाराला विचारू नकोस, त्याला माहीत नाही म्हणणं जमत नाही. पोस्टमनला विचार. आणि निघताना खोलीच्या मालकिणीला सांगून जा की कुठली वाट धरतेस आणि किती वाजता परत येशील. हा नियम तूच आपल्या पायवाटांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर घालायला लावला होतास. मी तेव्हा म्हटलं होतं की लोकांना उगाच भीती वाटेल. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

हे सगळं लिहिताना मला आपलं काम फार आठवतंय. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढायची आणि त्यासाठी प्रत्येक वाट पुन्हा चालायची, खोटं नाही, फोनवर विचारून नाही. मी पुढे, तू मागे. मी बघायचे आणि ओरडून सांगायचे, दगडी पूल, पुढे चिंचोळी वाट, डाव्या हाताला नळ, पाणी गोड. तू चालता चालता वहीत उतरवायचीस, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. कचेरीत आपल्याला इंजिन आणि गार्डाचा डबा म्हणायचे. आणि आपली ती खोड, वाट उलट चालायची. पुस्तक वाचणारा गावातून नदीकडे जायचा, म्हणून आपण नदीकडून गावाकडे यायचो. उलट आलं की वाट परकी वाटते आणि सवयीनं नजरेतून सुटलेलं दिसतं, असं तुझं म्हणणं. मग प्रत्येक फाट्यावर मागे वळून, तिकडून येणाऱ्याच्या डोळ्यांनी बघून, मी सांगायचे की त्यानं कुठे वळायचं. संपादकसाहेब म्हणायचे, या दोघी घरीसुद्धा उलट्या चालत असतील.

माझं म्हणशील तर ठीक आहे. वर्तमानपत्र बंद केलं. समोरची निवृत्त परिचारिका दुपारी येते, पत्रं वाचून दाखवते, औषधाच्या बाटल्यांना वेगवेगळ्या जाडीचे दोरे बांधून गेली आहे. तुझा तो हिरवा स्वेटर मी थंडीत निळा समजून घातला आणि ती हसली. चहा अजून माझा मी करते. दूध उतू जातं ते आवाजावरून कळतं, पण नेहमी थोडं उशिरा. तुला हे कधी सांगितलं नाही. डोळे जरा थकलेत एवढंच म्हणायचे. थकले नाहीत, मुंगे, गेले आहेत. जिथे बघावं तिथेच नेमका डाग असतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. तुझा फोटो हातात घेतला तर चौकट दिसते, तू दिसत नाहीस. आज हे पत्र मी माझ्या हाताने लिहू शकते. पुढच्या उन्हाळ्यात जमेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत.

आता खाणीच्या फाट्याबद्दल लिहायलाच हवं, तीन वर्षं मी त्याला वळसा घालते आहे. तू ती दुपार विसरली नसशील. आपण नदीकडून चढून आलो होतो, फाटा ओलांडून पुढच्या खडकाच्या सावलीत पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. तुझ्या टाचेला फोड आला होता, तू बूट काढून बसलीस आणि म्हणालीस, तू जा, फाटा बघून ये आणि तिथूनच सांग, मी इथे बसून लिहिते. मी एकटी मागे गेले. ऊन असं होतं की दगड, माती, गवत सगळं एकच पांढरं. फाट्यावरच्या दगडावर पिवळ्या रंगाचा बाण आहे हे मला मागच्या आवृत्तीवरून माहीत होतं, तिथे नुसतं ‘बाण दाखवेल तिकडे वळा’ एवढंच होतं. मी ओरडून सांगितलं, तू लिहून घेतलंस, आणि आपण गावाची बस पकडायला निघालो.

पुस्तक छापून आलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात ते शिक्षक आणि त्यांची बायको ते हातात धरून त्या फाट्यावर पोचले. उजवीकडची वाट नदीला उतरते, डावीकडची बंद पडलेल्या खाणीत चढते, जिथे सावली नाही आणि पाणीही नाही. बाणाचा रंग मधल्या पावसाळ्यात उडून गेला होता आणि पुस्तकात डावीकडे होतं. ती दोघं डावीकडे गेली. संध्याकाळी एका मेंढपाळाला सापडली तेव्हा ती बाई बेशुद्ध होती. नऊ दिवस इस्पितळात होती. वाचली, पण अजून तिला ऊन सोसत नाही असं ऐकते. संपादकसाहेबांनी आपल्याला बोलावलं, टेबलावर तुझी वही उघडून ठेवली आणि विचारलं, हे कसं झालं. मीच आधी बोलले. म्हणाले, मी उजवीकडे सांगितलं होतं. उलट चालताना डावं-उजवं फिरतं, लिहिताना हिच्याकडून फिरलं असेल. तू वहीकडे किती वेळ बघत होतीस. मला वाटलं, आता ही मान वर करेल आणि म्हणेल, काय बोलतेस. तू मान वर केलीस आणि म्हणालीस, असेल, माझंच चुकलं असेल, हल्ली होतं असं. स्वतःच्या हातच्या अक्षरापेक्षा तू माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवलास.

त्यानंतर तू काम सोडलंस, त्या बाईला तीन पत्रं लिहिलीस, राहतं घर बंद करून मुलाकडे गेलीस. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्मरणशक्तीला काही झालेलं नाही, तर तू म्हणालीस, त्यांना काय कळतंय, मी माणसाला मरणाच्या दारात पोचवलंय. सकाळी उठून सतराचा पाढा म्हणून बघतेस हेही मला माहीत आहे. आणि मी दर रविवारी तुला फोन करत आले, धीर देत आले, या आठवड्यात काय विसरलीस म्हणून प्रेमाने विचारत आले. तू सांगायचीस, चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, शेजारणीचं नाव आठवेना, आणि मी म्हणायचे, अगं होतं या वयात. कुणाचा चष्मा हरवत नाही, मुंगे? चांगल्या विशीतल्या पोरींचाही हरवतो. हे एक वाक्य मी दोन वर्षांत तुला म्हटलं नाही, कारण तू आजारी राहणं माझ्या सोयीचं होतं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते आहे.

सल्ले हे निमित्त होतं, पत्र यासाठी लिहिलं. त्या वर्षी आपण निघण्याआधी दीड महिना डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की चालण्याचं काम सोडा, तुम्हाला समोरचं दिसत नाही. मी ते कुणालाही सांगितलं नाही. हे गेल्यापासून घरात माझं कुणी नव्हतं. पुढे चालणं आणि मागून येणारा तुझा पेनाचा खसखस आवाज, एवढंच होतं, आणि ते जाईल या भीतीने मी गप्प बसले. त्या फाट्यावर मला बाण दिसला नाही. दोन वाटा दिसल्या, दोन्ही सारख्याच पांढऱ्या, आणि आपण कुठल्या वाटेने वर आलो तेही ओळखता येईना. तुला हाक मारली असती तर तू अनवाणी आली असतीस. मी हाक मारली नाही, अंदाजाने ओरडले. असंच पत्र संपादकसाहेबांना आणि त्या बाईला पाठवते आहे, परिचारिकेकडून लिहून घेतलंय, हे मात्र मला माझ्या हातानेच लिहायचं होतं. तुझ्याकडे क्षमा मागत नाही, तुला देता येणार नाही आणि द्यायची गरजही नाही. मुलाला आणि सुनेला हे दाखव, किल्ली मागून घे, आणि चार दिवस एकटी जाऊन ये. मला बरोबर नेण्याचा विचार करू नकोस, परत आल्यावर फोन करायचा की नाही तेही तूच ठरव. त्या दुपारी मी डावीकडेच म्हणाले होते. तू बरोबर ऐकलंस आणि बरोबर लिहिलंस.

अजून म्हणवून घेता येत असेल तर तुझीच,
लांबटांगी