जुनी पोथी दुसऱ्या खोलीत

नाना, चार दिवसांपूर्वी दुपारी मी तुमचं यंत्र पुसून टाकलं. चुकून म्हणायची सोय नाही. ही फाइल कचरापेटीत मावणार नाही, कायमची जाईल, चालेल का, असं पडद्यानं स्वच्छ विचारलं होतं. मी डाव्या हातात चहाचा कप धरून उजव्या हातानं 'हो' म्हटलं. तुम्ही जिवंत असतात तर चष्मा कपाळावर सरकवून फक्त बघितलं असतंत. म्हणून आधीच सांगतो, बघू नका. पुढे वाचा.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तिकडे कम्प्युटरचा अभ्यास चालू असेल असं काही वाटत नाही, तेव्हा थोडी उजळणी करतो. तुमचा तो करड्या खोक्याचा कम्प्युटर जळाला, तेव्हा त्याची डिस्क मी माझ्या कम्प्युटरात उतरवून घेतली आणि आतल्या आत एक खोटा कम्प्युटर उभा केला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खिडकी उघडली की आत तुमचा जुना निळा पडदा, तुमचा तो इतिहासजमा टंकलेखनाचा प्रोग्राम, त्याचा दुसरीकडे कुठेच न उमटणारा फॉन्ट, सगळं जसंच्या तसं. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे, धोतराचा सोगा हातात. "म्हणजे घटाकाश," तुम्ही म्हणालात. "मडक्यातलं आकाश. मडक्याला वाटतं, आपलं वेगळं आहे." मी म्हटलं, "नाना, हे आकाश चाळीस जीबीचं आहे." "आणि मडकं फुटलं की?" "जागा परत मिळते." तुम्ही एवढे खूश झालात की स्वयंपाकघरात जाऊन आईला वेदान्त समजावून आलात. आत ठेवलेलं कुठे जातं, हे त्या दिवशी दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

आत तुमचा कोश होता. ग्वाल्हेरच्या आपल्या घरांमधून बोलली जाणारी मराठी, जिला पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा सुधारून जायचा. *कटोरदान: पोळ्यांचा डबा. पाहुणे हसतात. हसू द्यावे.* *टाठी: ताट. भांडी घासणाऱ्या बाईंबरोबर घरात आला, आता जायला तयार नाही.* आणि प्रत्येक शब्दाखाली, कोर्टातल्यासारखी, साक्ष. ती बहुतेक वेळा एकच असे: *साक्ष: स्वयंपाकघर.* म्हणजे आई. तुम्ही दारात वही घेऊन उभे राहायचात आणि ती कढईवरची नजर न काढता बोलत राहायची.

ती आता फार बोलत नाही, नाना. तिच्यातून शब्द गळून चाललेत. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, ते तुमच्या कोशात घालण्याच्या लायकीचं नाही. मला कधी ती तुमच्या नावानं हाक मारते, कधी "भाऊ" म्हणते. पण चार वाजता मी तुमचं यंत्र उघडून कोश वाचायला लागलो, की ती सरसावून बसते. "कटोरदान. हो. माझ्या सासूबाईंचं पितळेचं होतं, त्याचं झाकण बसायचं नाही." एका शब्दामागे पाच वाक्यं. दिवसभरात तेवढीच. चार ते पाच हा तास मी कशासाठीही मोडत नाही.

गेल्या आठवड्यात तो तास यंत्रानंच मोडला. वाचता वाचता सगळं गोठलं आणि निरोप आला की डिस्कवर जागा उरली नाही. माझ्या कम्प्युटरात अशी पाच खोटी यंत्रं आहेत. तीन माझ्या पोटापाण्याची: आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर जुन्या-नव्या सगळ्या विंडोजवर चालतं का, हे तपासत बसणं हा माझा धंदा. संस्कृतात एम. ए. करून मुलगा काय करतो, असं कोणी विचारलं की तुम्ही "परीक्षक आहे" म्हणायचात, आणि लोक विद्यापीठ समजायचे. ती तीन काढली असती तर कंपनीनं मला काढलं असतं. आधी मी यंत्रांच्या आत शिरून फालतू फायली पुसल्या. बाहेर एक तसूभरही जागा वाढली नाही. मडकं आतून रिकामं केलं तरी मडक्याचा घेर तेवढाच राहतो. तुमच्या दृष्टान्तात हे कलम नव्हतं.

उरली दोन. 'नानांचं यंत्र, मूळ' आणि 'नानांचं यंत्र, नक्कल'. कारण तुम्ही तेव्हा हटून बसला होतात: "आधी नक्कल कर, मग मी हात लावतो. मुळावर कोणी लिहितं का?" त्यामुळे तुम्ही शेवटपर्यंत नकलेतच टंकत राहिलात, आणि आम्हीही नक्कलच उघडतो. मुळाला इतक्या वर्षांत कोणी शिवलं नव्हतं. मी आपल्या घरचा न्याय लावला. नक्कल पुरी झाली की जीर्ण पोथी नदीत. प्रोग्राम नको म्हणत होता: याच्यावर दुसरं काही अवलंबून आहे, काढता येणार नाही. मला तो कारकुनी हट्ट वाटला. मी मागच्या दारानं, सरळ फोल्डरमध्ये जाऊन, फाइल उडवली. भरपूर जागा मोकळी झाली. समाधानानं चहाचा घोट घेतला आणि नक्कल उघडली.

उघडली नाही. मूळ सापडत नाही, असं म्हणाली.

नाना, तेव्हा मला चंबळ आठवली. मी अकरा वर्षांचा आहे, तुम्ही आजोबांची पूजेची पोथी माझ्याकडून उतरवून घेताय. बाहेर गल्लीत क्रिकेट चाललंय. पानापानावर तेच मंत्र पुन्हा येतात; मी हुशारी करतो आणि तिथे लिहितो, 'जुन्या पोथीप्रमाणे'. तुम्ही वरवर चाळून "अक्षर बरं आहे" म्हणता, आणि रविवारी मुरैन्यापुढच्या पुलावरून जुनी पोथी फुलांसकट पाण्यात सोडता. पुढच्या पूजेला नवी उघडलीत. 'जुन्या पोथीप्रमाणे.' तुम्ही मारलं नाहीत. बसून सगळं आठवून सांगितलंत, मी लिहिलं. तीन ओळी आठवल्या नाहीत. मी म्हटलं, "काहीतरी घालू का, जुळेलसं?" तुम्ही म्हणालात, "रिकाम्या सोड." त्या अजून रिकाम्या आहेत. आणि तेव्हापासून घरात नियम झाला: नक्कल झाली की जुनी पोथी दुसऱ्या खोलीत ठेवायची, दार लावायचं, आणि नवी एकटी वाचून बघायची. अडखळली नाही, तरच नदी.

मी ते दार लावलं नव्हतं. आणि आता आठवलं की यंत्राची नक्कल करताना दोन पर्याय होते: पूर्ण नक्कल, तासाभराची, किंवा जोडलेली, दहा सेकंदांची, जिच्यात फक्त पुढे केलेले बदल असतात, बाकी सगळं मुळाच्या भरवशावर. तुम्ही मागे उभे राहून "झालं का, झालं का" करत होतात. मी दहा सेकंदांची निवडली. पंचविशीत, पुन्हा एकदा, जुन्या पोथीप्रमाणे.

खरी भीती त्यानंतरची. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा फक्त 'रिकामी' म्हणून जाहीर होते, आणि कोणी त्यावर लिहीपर्यंत ती तिथेच असते. मी हे आठवत असतानाच कोपऱ्यात एक हिरवी पट्टी सरकायला लागली. कंपनीचा नवा जाडजूड प्रोग्राम आठवडाभर जागेची वाट बघत बसला होता. जागा झाली तसा तो आपोआप उतरायला लागला, तुमच्या कोशाच्या अंगावर. रद्द करायचं बटण दाबलं, ऐकेना. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, चेहरा असा काय झालाय?" मी टेबलाखाली शिरलो आणि तार उपटली. डोकं आपटलं. ती म्हणाली, "आता सांगाल का?" सांगितलं. तिनं घड्याळाकडे बघितलं आणि मग आईच्या खोलीकडे.

सीपीयू पायांमध्ये धरून थाटीपूरहून जयेंद्रगंजपर्यंत स्कूटर चालवली, आणि वाटेतला प्रत्येक खड्डा माफी मागत ओलांडला. तिथे एक बाई खराब डिस्कमधून माहिती काढून देतात. माझ्याच वयाच्या, पूर्वजांनी महाराजांच्या फौजेत घोडे दौडवलेले. आपलं आडनाव ऐकून म्हणाल्या, "अच्छा, भटजींकडचे का? आमचे लोक तलवारी हरवायचे, तुम्ही पोथ्या हरवा." मग गंभीर झाल्या. "डिस्क फिरणारी आहे का नवी?"

"फिरणारी. जुनी."

"मग उम्मीद आहे. नवी पुसलेलं लगेच धुऊन टाकते; ती असती तर चहा पाजून परत पाठवलं असतं. शटडाउन केलंत की तार खेचली?"

"खेचली."

"हे एकच काम अकलेचं केलंत, दादा. आणि ही दुसरी प्रत कुठे ठेवली होती?"

"त्याच डिस्कवर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी तुमच्यासारखं, फक्त चष्मा नव्हता. "पक्कं काही सांगत नाही. परवा या. फोन करून परेशान करू नका."

मी तसाच बाड्याच्या चौकात जाऊन उभा राहिलो. चार वाजायला आले होते. घरी गेलो तर आई पलंगावर टेकून बसलेली, केस विंचरलेले. "आज वाचणार नाही का रे?" मी रिकाम्या वहीत बघून वाचायला लागलो. दोन-चार शब्द आठवले, *टाठी* वगैरे. मग संपले. ती वाट बघत होती. आणि नाना, मी रचला. "*खडबडी: घाईत केलेली भाजी. साक्ष: स्वयंपाकघर.*"

आईनं मान वर केली. मग म्हणाली, "मी? मी कधी म्हटलं खडबडी?"

"नानांनी लिहिलंय, आई."

"हे ह्यांचं नाही. ह्यांना भाजी घाईत करतात की निवांत, ठाऊकच नव्हतं. ते विचारून लिहायचे." आणि मग, कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे नीट, ओळखून बघत: "तुझं आहे हे. लहानपणीही असंच करायचास."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी घरातच थांबलो नाही. भाजी आणायला गेलो आणि भाजी न घेता आलो.

तिसऱ्या दिवशी बाईंनी फाइल परत दिली, वेगळ्या डिस्कवर. "मधे भोक आहे छोटंसं. तेवढ्यावर लिहिलं गेलं. बाकी तुमच्या वडिलांचं नशीब." तिथेच उभं राहून मूळ आणि नक्कल जोडली, निळा पडदा आला, आणि मी लगेच कोश चाळायला लागलो. त्यांनी स्टूल पुढे केलं. भोक 'च'मध्ये पडलं होतं. *चकला* आहे, मग एकदम *छन्ना*. तुम्ही शब्दांना क्रमांक दिले होते म्हणून कळलं, मधले नऊ गेले.

काल पूर्ण नक्कल केली. तासभर लागला, बसून राहिलो. मग जुनं सगळं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं, तार काढून, दार लावून, आणि नवी आईपुढे उघडली. एकटी. ती अडखळली नाही. *चकला* झालं, तिनं पोळपाटाच्या फुटलेल्या पायाची हकिगत सांगितली. मग मी थांबलो. "आई, इथले नऊ शब्द हरवले. माझ्यामुळे."

"च चे?"

"च चे."

तिनं डोळे मिटले. "चाशनी," म्हणाली. पाकाला आपल्याकडे तेच म्हणायचे, लिहिलं. बऱ्याच वेळानं, "चुन्नट." लुगड्याची निरी. लिहिलं. मग काही नाही. मी वही मिटायला लागलो तेव्हा म्हणाली, "चौखटणं."

"म्हणजे?"

"काही काम नसताना पुरुष स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभा राहतो ते. हे चौखटायचे."

हा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही. शेजारीपाजारी, आत्याकडे, कुठेच नाही. तिच्या ओठांच्या कोपऱ्याकडे बघून माझी खात्री आहे की तिनं तो तिथल्या तिथे रचला. तुम्ही असतात तर ओळ रिकामी सोडायला लावली असतीत. मी सहा सोडल्या आहेत. ही सोडली नाही. तुमच्याच फॉन्टमध्ये, तुमच्याच क्रमांकावर टंकला, आणि खाली लिहिलं: *साक्ष: स्वयंपाकघर.*