सोपानने उचललेला बेलभंडार

गुरु., १३ नोव्हें.
आलं ते: गूळ दोन किलो ११०. शेंगदाणे एक किलो १४०. कापूर-वाती ६०. वांगी नाहीत, चंपाषष्ठी होईपर्यंत घरात आणायची नाहीत. पोस्टमननं अश्विनीचं पुस्तक दिलं, २४०! अभ्यासाचं नव्हे, कादंबरी. बारावीच्या वर्षाला. मराठीच्या सरांनी वर्गात ह्या कादंबरीवर चर्चा ठेवलीय म्हणे. लांबच्या मुलखात, पूर्वी, घोड्यावरून टपाल नेणारी पोरं.
म्हटलं, आता मीपण वाचणार. पैसे वसूल तरी होतील.

शनि., १५
पूजा झाली की वाचायला बसते, पोथीसारखी. अध्याय अर्ध्यात सोडायचा नाही ही सासूबाईंची शिस्त, ती कादंबरीलाही लावली.
आज डोकं फिरलं. टपालाचा मालक दवंडी देतो: अंगानं हलकी पोरं पाहिजेत, अठराच्या आतली. अनाथ असतील तर आधी घेऊ. अनाथ कशाला? पोरगं मेलं तर दारात रडायला कुणी येऊ नये म्हणून. वर धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो, शिवी देणार नाही, दारू पिणार नाही. म्हणजे पोरांनी शिवीसुद्धा द्यायची नाही आणि ह्यानं पोरं मारायची!
अश्विनी स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, भाजी करपतीय."
करपू दे.

बुध., १९
काल वर्गात चर्चा झाली. अश्विनी जेवताना बोलली.
सरांनी विचारलं, आजच्या काळात असे स्वार कोण? कुणी म्हणालं सैनिक, कुणी म्हणालं पायलट. ही उठली आणि म्हणाली, "आपल्या वर्गातला सोपान."
सोपान दिवाळीपासून घरी पडून. पाय मोडलाय. विहिरीवर घसरलो असं आईला सांगितलंय. खरं म्हणजे गावातल्या आप्पांच्या पार्सल एजन्सीची मोटरसायकल घेऊन हायवेला पडला. लायसन नाही. आप्पा कामावर घेताना पोरांच्या हातावर बेल-भंडारा ठेवून खंडोबाची शपथ घालतात: काही झालं तरी एजन्सीचं नाव घरी, दवाखान्यात, कुठंच घेणार नाही. हे वर्गातल्या सगळ्या पोरांना माहीत. सरांनाही माहीत असणार. त्याच्या आईला तेवढं नाही.
अश्विनी हे सगळं उभं राहून बोलली. मागून एक कार्टं म्हणालं, "सोपानचा घोडा पंक्चर झाला." सगळे हसले. सर हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. घंटा झाली.
मला अभिमान वाटला. तिला दाखवला नाही. भाकरी जास्तीची वाढली.

गुरु., २०
उपास. आणि आजच हे.
आप्पा शाळेच्या कमिटीवर. ह्यांना बोलावून घेतलं. पोरीनं वर्गापुढं माफी मागावी, मी मनचं बोलले म्हणावं आणि देवळात भंडारा उचलून परत असं बोलणार नाही म्हणावं. नाहीतर १ तारखेला कमिटीपुढं उभं करू.
हे म्हणाले, "तोंडीचे मार्क त्यांच्या हातात हायत. बोलून टाकू दे एकदा. काय जातंय?"
"तुमचं काय जातंय ते न्हाई ठावं. देवाचं जातंय."
"आता देवाचं काय काढलंस मधीच?"
"मी काढलं? त्यांनी काढलं! भंडारा काय त्यांच्या एजन्सीच्या शिक्क्याची शाई हाय व्हय, दिसल त्याच्या हातावर उमटवायला?"
हे न जेवता उठले. झाकून ठेवलं. मी काही समजूत काढणार नाही.

शुक्र., २१
सोपानकडे गेले, निमोण्याला. त्याची आई शेतावर. मला बघून पोरानं भिंतीकडं तोंड केलं.
"काकू, मला काय इचारू नका. बेलभंडार उचललाय. बोललो तर आईचं वाईट व्हईल."
असं सांगून ठेवलंय पोराला! आईचं वाईट होईल म्हणून.  त्यांच्याच देव्हाऱ्यातला भंडारा घेतला, त्याच्या कपाळाला लावला. म्हटलं, "खंडोबा माझ्याबी घरचा हाय. लेकराच्या पायावर पैका कमावणाऱ्याची शपथ तो ऐकून घेत न्हाई. सुटली म्हण."
म्हणाला नाही. रडला. मग हळूच, "सर बोलतील का काकू? सर बोलले तर मी बोलतो."
सर परवापासून रजेवर. गावी गेलेत, वरवंडला. फोन बंद.

शनि., २२
सकाळपासून तीन वेळा फोन लावला. बंदच. हे बघत होते. नंतर स्वतःच म्हणाले, "शिरूरला चाललोय, पोस्टात काय टाकायचं आसंल तर दे." कार्ड टाकायचं मला आत्ता सुचलं!
पुस्तकातली पोरं जीव टाकून पत्रं पोचवत होती. शिरूरहून वरवंडला एक कार्ड नक्की पोचेल.
कार्डच लिहिलं. पाकिटाचे पैसे वाचले, आणि उघडंच बरं. वाटेत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. सोपानचं नाव घातलं नाही. इथं उतरवून ठेवते:

सरांस सा. न. वि. वि.
वर्गात प्रश्न तुम्ही विचारलात. रिकाम्या बाकाकडं बघून विचारलात, ते माझ्या मुलीनं पाहिलं. तिनं उत्तर दिलं. आता सोमवारी, १ तारखेला, कमिटीपुढं ती उभी राहणार. माफी ती मागणार नाही, मी मागू देणार नाही. तुम्ही तिच्या शेजारी उभे राहणार का? तुमच्या बोलण्यावर आणखी एका लेकराचं तोंड उघडायचं अडलंय. हो तर हो लिहा, नाही तर नाही लिहा. पण उलट टपाली कळवा.